चाळीस थाऊंची शिल्लक

दहा, वीस, तीस, चाळीस. जुन्या मोटारीच्या क्रँकशाफ्टचं पुढचं सगळं आयुष्य या चार आकड्यांत मावतं. हे आकडे इंचाच्या हजाराव्या भागाचे आहेत. वर्कशॉपच्या बोलीत त्याला थाऊ म्हणतात. गाडी नवी असते तेव्हा क्रँक ‘स्टँडर्ड’ असतो. पहिल्या मोठ्या दुरुस्तीत त्याच्या जर्नलवरून, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गोल भागांवरून, दहा थाऊ घासले जातात. पुढच्या दुरुस्तीत माप वीसवर येतं, मग तीसवर, शेवटी चाळीसवर. फियाटच्या मापांत हेच आकडे ०.२५४, ०.५०८, ०.७६२ आणि १.०१६ मिलिमीटर असे लिहिले जातात. त्या त्या मापाचे बेअरिंगचे शेल तयार मिळतात, म्हणून घासणंही नेमकं त्या मापांवरच थांबवावं लागतं. चाळीसनंतर शेल नाही. एक मिलिमीटर आणि वर किंचित, एवढी शिल्लक घेऊन क्रँक जन्माला येतो आणि प्रत्येक दुरुस्ती त्यातलं काही कायमचं खर्च करते.

इंजिनाच्या इतर भागांचं असं नसतं. सिलिंडर झिजला तर बोअर करून स्लीव्ह बसवता येते. व्हॉल्व्ह, गाइड, पिस्टन, रिंग बदलता येतात. क्रँक मात्र एकच असतो, आणि ज्या गाडीचं उत्पादन थांबून वीस-पंचवीस वर्षं झाली तिचा नवा क्रँक कुणी घडवत नाही. एखाद्या जुन्या दुकानाच्या पोटमाळ्यावर ग्रीसच्या कागदात गुंडाळलेला निघाला तर नशीब. म्हणून क्लासिक गाडीच्या इंजिनकामातला सगळ्यात अवघड प्रश्न ‘हे दुरुस्त होईल का’ असा नसतो. दुरुस्तीत किती धातू जाईल आणि पुढच्या दुरुस्तीसाठी किती उरेल, हा तो प्रश्न असतो.

एक पद्मिनी

ज्या क्रँकची ही गोष्ट आहे तो एका प्रीमियर पद्मिनीचा. फियाट ११०० हे मूळ इटालियन मॉडेल वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं पन्नाशीच्या दशकात भारतात आणलं. ‘डिलाइट’ या नावानं ते घरोघरी पोचलं, सत्तरच्या दशकात ‘पद्मिनी’ झालं आणि मुंबईतल्या कुर्ल्याच्या कारखान्यातून २००० सालाच्या सुमारापर्यंत बाहेर पडत राहिलं. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे एके काळी हीच गाडी. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे, २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदलेल्या शेवटच्या पद्मिनीची मुदत २०२३ साली संपली आणि ३० ऑक्टोबरपासून पद्मिनी टॅक्सी म्हणून मुंबईच्या रस्त्यावरून अधिकृतपणे गेली. खासगी पद्मिनी मात्र अजून आहेत. वडिलांची म्हणून, लग्नातली म्हणून, किंवा निव्वळ त्यांच्या गिअरच्या दांडीच्या प्रेमापोटी जपलेल्या.

इंजिन साधं आहे. चार सिलिंडर, ६८ मिलिमीटर बोअर, ७५ मिलिमीटर स्ट्रोक, १०८९ सीसी. क्रँकला आधार तीनच मेन बेअरिंगचा: पुढे एक, मागे एक, मध्ये एक. आजच्या चार सिलिंडरच्या इंजिनांत बहुधा पाच असतात. तीन आधारांवरचा क्रँक दोन शेजारी सिलिंडरांचा मार एका मोकळ्या गाळ्यात सोसतो, त्यामुळे त्याच्या वाकण्याकडे आणि तडकण्याकडे जास्त लक्ष द्यावं लागतं.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका कुटुंबाची ही गाडी कैक वर्षं शेडमध्ये उभी होती. थोरल्यांच्या पश्चात मुलानं ती बाहेर काढली, बॅटरी घातली, कार्बोरेटर साफ केला. इंजिन सुरूही झालं. पण गरम झाल्यावर आतून ठणठण ऐकू येऊ लागली. गाडी टो करून कोल्हापुरातल्या शिवाजी उद्यमनगराच्या एका वर्कशॉपमध्ये आली.

उद्यमनगर

जुन्या मोटारीचं अगत्य कोल्हापूरला नवं नाही. शाही दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक मोटार पाहायला लोक रस्त्याच्या कडेला उभे राहतात. पण इथल्या यंत्रविद्येचं मूळ राजवाड्याइतकंच शिवारात आहे. उसाला पाणी द्यायला नदीकाठी ऑइल इंजिनं आली, गुऱ्हाळांचे चरक त्यांवर फिरू लागले. हंगामात इंजिन मोडलं की रस नासायचा, पाणी थांबायचं. सुटा भाग बाहेरून यायची वाट पाहणं परवडणारं नव्हतं, म्हणून तो भाग इथंच ओतला, तासला, घासला जाऊ लागला. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार या यंत्रकारांची नावं या गावात अजूनही मानानं घेतली जातात ती त्यामुळेच. पुढे गावोगाव विजेचे पंप पोचले, ऑइल इंजिनांचा बाजार ओसरला, फाउंड्र्या मोटारींच्या भागांकडे वळल्या. क्रँक घासणारे मात्र टिकले, कारण ट्रॅक्टर, ट्रक, जेसीबी यांचे क्रँक झिजायचे थांबले नाहीत.

पद्मिनीचं इंजिन उघडणारे मेस्त्री साठीच्या पुढचे आहेत. त्यांनी इंजिनाला हात लावायच्या आधी बराच वेळ नुसतं ऐकलं. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक ब्लॉकला लावून मूठ कानाशी धरली. मग एकेका प्लगची वायर काढून पाहिली. तिसऱ्या सिलिंडरची वायर काढताच आवाज निम्म्यानं उतरला. त्या पिस्टनवरचा स्फोटाचा मार थांबला की त्याला क्रँकशी जोडणाऱ्या रॉडच्या बेअरिंगवरचा आघातही उतरतो, म्हणून आवाज मऊ होतो. मेन बेअरिंग गेलं असतं तर आवाज खोल, जड, भार घेताना धबधबणारा आला असता आणि एका प्लगनं त्यात एवढा फरक पडला नसता.

ऑइल चेंबर उतरवल्यावर तळाशी काळ्या गाळात चमकणारी भुकटी दिसली. तिसऱ्या रॉडची कॅप काढली तर शेल जागेवरून फिरलेले, वरचा मऊ थर वितळून गेलेला. पिनवर, म्हणजे रॉड ज्याला धरतो त्या जर्नलवर, बोटाच्या नखाला अडकतील अशा रेघा आणि एका बाजूला निळसर छटा, म्हणजे पोलाद चांगलंच तापलं होतं. कारण शोधायला दूर जावं लागलं नाही. मेन जर्नलकडून त्या पिनकडे जाणारी क्रँकमधली तेलवाट जुन्या, घट्ट झालेल्या गाळानं जवळपास बुजली होती. उभ्या गाडीत वर्षानुवर्षं तेच तेल राहिलं, त्यात पाणी आणि आम्ल साचलं. मग इंजिन सुरू झालं तेव्हा सैल सुटलेला गाळ सगळ्यात अरुंद जागी जाऊन बसला.

फिरता शाफ्ट टेकत नाही

त्या तेलवाटेचं महत्त्व समजायला १८८३ सालच्या एका प्रयोगाकडे जावं लागतं. ब्रिटनमधल्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेसाठी बीचम टॉवर हे अभियंते रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगमधलं घर्षण मोजत होते. बेअरिंगच्या माथ्यावर तेल घालण्यासाठी त्यांनी भोक पाडलं, तर शाफ्ट फिरताना त्या भोकातून तेल उलट वर येऊ लागलं. बूच ठोकलं, लाकडी खुंटी ठोकली. तीही हळूहळू बाहेर ढकलली गेली. दाबमापक लावल्यावर काटा दर चौरस इंचाला २०० पौंडांच्या पलीकडे गेला. आतल्या तेलाचा दाब बेअरिंगवरच्या सरासरी भाराच्या कितीतरी वर होता. १८८६ मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी त्याचं गणित मांडलं: फिरता शाफ्ट तेलाला निमुळत्या फटीत ओढत नेतो, तिथं दाब तयार होतो आणि त्या दाबावर शाफ्ट उचलला जातो. चालत्या इंजिनात धातू धातूला टेकलेला नसतो, त्यांच्यामध्ये तेल असतं.

ही फट म्हणजे सगळा खेळ. ५० मिलिमीटर व्यासाच्या जर्नलला साधारण ०.०५ मिलिमीटर फट लागते, दोन थाऊ. फट मोठी झाली तर तेल कडेनं निसटतं, दाब तयार होत नाही आणि शाफ्ट आपटतो. लहान झाली तर तेल पुरेसं शिरत नाही, तापतं, पातळ होतं. पद्मिनीच्या तीन हजार फेऱ्यांच्या वेगात चार सिलिंडर मिळून सेकंदाला शंभर स्फोट होतात आणि प्रत्येक स्फोटात पिस्टनवर टनाहून जास्त जोर येतो. तो जोर पेलणारा तेलाचा थर सर्वात पातळ जागी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही बारीक असतो. जर्नल लंबगोल असेल, निमुळतं असेल, त्यावर रेघ असेल, तर हा थर त्या जागी तुटतो.

मोजणं

क्रँक बाहेर निघाला की पहिलं काम धुणं. तेलवाटांच्या तोंडाचे प्लग काढून, लांब ब्रश आणि रॉकेल घालून प्रत्येक वाट आरपार मोकळी केली जाते. मग क्रँक तसाच ठेवून देतात. मेस्त्री घाई करणाऱ्याला थांबवतात, कारण उन्हात किंवा गरम पाण्यात धुतलेल्या लोखंडाचं माप खोटं येतं. पोलाद दर अंशाला, दर मीटरमागे सुमारे १२ मायक्रॉन वाढतं. पन्नास मिलिमीटरच्या जर्नलमध्ये दहा अंशांच्या फरकानं सहा मायक्रॉन, म्हणजे पाव थाऊ जातो. जिथं निकाल अर्ध्या थाऊवर ठरायचा, तिथं पाव थाऊ मोठा.

नंतर मायक्रोमीटर. प्रत्येक जर्नल दोन्ही टोकांना, आणि प्रत्येक टोकाला काटकोनातल्या दोन दिशांना मोजायचं. दोन दिशांतला फरक म्हणजे लंबगोलपणा, दोन टोकांतला फरक म्हणजे निमुळतेपणा. पिनवर स्फोटाचा मार दर वेळी एकाच बाजूला बसतो, म्हणून पिन आधी लंबगोल होते. मेस्त्रींचा हिशेब सरळ आहे: फरक एक-दीड थाऊच्या पुढे गेला की घासायचं, त्याच्या आत असेल तर पॉलिश करून सोडायचं.

मग क्रँकची दोन टोकं व्ही-ब्लॉकवर ठेवून मधल्या जर्नलवर डायल लावतात आणि हातानं सावकाश एक फेरा देतात. डायल दाखवेल त्याच्या निम्मं वाकणं, हे नवख्यानं आधी शिकायचं. काटा चार थाऊ हलला तर क्रँक दोन थाऊ वाकलाय. थोडं वाकणं प्रेसवर काढता येतं, पण ज्याला क्रँकचा अंदाज आहे त्याच्याच हातानं. जास्त दाबला तर फिलेटमध्ये, म्हणजे जर्नलच्या कडेच्या गोलाईत, तडा जातो.

या पद्मिनीच्या क्रँकनं मोजमापात आपला इतिहास सांगितला. मेन जर्नल दहावर, पिना वीसवर. कधीतरी आधी एक दुरुस्ती झाली होती आणि ती नेटकी झाली होती. मेन अजून मर्यादेत होते. पहिली, दुसरी, चौथी पिन किंचित लंबगोल, तिसरी उद्ध्वस्त. शाफ्ट जवळपास सरळ.

तडा

माप बरोबर आलं म्हणून क्रँक वाचला असं होत नाही. त्यात तडा असेल तर सगळं काम वाया जातं, आणि तडा डोळ्यांना दिसेलच असं नाही.

धातू थकतो, ही जाणीव माणसाला अपघातांनी दिली. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसकडे येणाऱ्या रेल्वेगाडीच्या इंजिनाचा आस तुटला, डबे एकमेकांवर चढले, आग लागली आणि पन्नासहून अधिक माणसं गेली. असे आस चांगल्या लोखंडाचे असत, वर्षानुवर्षं धावत आणि एक दिवस भार नसल्यासारख्या क्षणी तुटत. विल्यम रँकिन या तरुण स्कॉटिश अभियंत्यानं तुटलेले आस तपासून दाखवलं की तडा जर्नलच्या खांद्याशी, जिथं व्यास एकदम बदलतो त्या कोपऱ्यात सुरू होऊन आत सरकत जातो. तो कोपरा मोठ्या गोलाईचा ठेवा, असा त्याचा सल्ला होता. पुढे प्रशियाच्या रेल्वेतल्या ऑगस्ट व्योलरनं आस पुन्हा पुन्हा फिरवून, लाखो वेळा भार देऊन दाखवलं की एका झटक्यात पोलाद जेवढा भार सहज सोसतं, त्याच्या बऱ्याच खालचा भार परत परत पडला तरी ते तुटतं.

पद्मिनी टॉप गिअरमध्ये एक किलोमीटर जाते तेव्हा क्रँक सव्वादोन हजारांच्या आसपास फेरे घेतो. लाख किलोमीटर चाललेल्या गाडीचा क्रँक वीस कोटींहून जास्त वेळा फिरलेला असतो. थकव्यानं मोडायचं असेल तर त्याला संधी भरपूर मिळालेली असते.

जुनी तपासणी अशी: क्रँक दोरीनं टांगायचा आणि हलक्या हातोडीनं टिचकी मारायची. निकोप क्रँक घंटेसारखा वाजतो, तडकलेला बसक्या आवाजात. मग रॉकेल चोपडून पुसून काढायचं, वर खडूची पूड शिंपडायची. तड्यात शिरलेलं रॉकेल थोड्या वेळानं पुडीत रेघ होऊन उमटतं. आज यापेक्षा भरवशाची पद्धत म्हणजे चुंबकीय तपासणी. क्रँक चुंबकित करून त्यावर चमकणारे लोहकण असलेलं द्रव ओततात आणि अंधारात अतिनील दिव्याखाली पाहतात. तडा जिथं असेल तिथं चुंबकीय रेषा बाहेर फाकतात, कण तिथं गोळा होतात, हिरवी रेघ पेटते. नंतर चुंबकत्व उतरवायचं, नाहीतर लोखंडी कचरा पुढे कायम क्रँकला चिकटत राहील.

मेस्त्रींनी दोन्ही केलं. आधी हातोडी, मग तपासणीला पाठवणी. तिसऱ्या पिनच्या फिलेटशी सगळ्यात जास्त वेळ दिवा धरला गेला. रेघ उठली नाही.

आधी शेल, मग चाक

या टप्प्यावर बहुतेक मालक घाई करतात. क्रँक मशीनवर चढवतात, घासून आणतात आणि मग बेअरिंग शोधायला निघतात. उद्यमनगरातली रीत उलट आहे. तिसऱ्या पिनवरच्या रेघा वीसच्या आत निघणार नव्हत्या. तीसला निघतील असं वाटत होतं. म्हणून तीसचे शेल आधी मिळवायचे. पुणे, मुंबई, बेळगाव इथल्या जुन्या दुकानदारांना फोन झाले. शेलचा संच हाती आला, तो रॉडमध्ये बसवून, बोल्ट ठरल्या ताकदीनं आवळून आतलं माप घेतलं, त्यातून फट वजा केली आणि जो आकडा आला तो घासण्याचं अंतिम माप म्हणून कागदावर लिहिला. डब्यावर छापलेल्या तीसपेक्षा शेलमध्ये खरोखर असलेलं तीस महत्त्वाचं.

“काढायला काय, मिनटात निघतंय,” मेस्त्री म्हणाले. “परत कुठनं आणायचं?”

त्यांचा पुढचा निर्णय मला या सगळ्या कामाचा गाभा वाटतो. मालकाची इच्छा होती की मशीन लागतंच आहे तर मेन जर्नलही वीसला घासून घ्यावेत, सगळं नवं होईल. मेस्त्रींनी नकार दिला. मेन मर्यादेत आहेत, त्यांना नुसतं पॉलिश पुरे. आज दहा थाऊ हौसेखातर घालवले तर उद्या गरज पडेल तेव्हा ते नसतील. पिना मात्र चारही तीसवर न्यायच्या, कारण शेल संचानं येतात, आणि एकाच क्रँकवर निरनिराळ्या मापांच्या पिना ठेवल्या तर पुढच्या कारागिराचा घोटाळा होतो. हिशेब असा राहिला: पिनांवर शेवटचे दहा थाऊ, मेनवर तीस.

चाळीसपर्यंत गेल्यानं क्रँक कमजोर होतो का, हा प्रश्न मालक नेहमी विचारतात. गोल शाफ्टची वाकणं आणि पीळ सोसायची ताकद व्यासाच्या घनाप्रमाणे बदलते. पन्नासचा एकोणपन्नास मिलिमीटर झाला तर ताकद सहा टक्क्यांच्या आसपास घटते. मूळ रचनेत तेवढी सोय असते, म्हणूनच तर उत्पादक ती मापं देतात. खरा धोका दुसरीकडे आहे.

रेडियस

क्रँक घासायचं मशीन लांबलचक असतं. दोन्ही टोकांना क्रँक धरणारे चक, आणि मागे माणसाच्या कमरेइतक्या उंचीचं दगडी चाक. पिन घासायची तर क्रँक आपल्या अक्षाभोवती फिरवून चालत नाही, पिनच्या अक्षाभोवती फिरवावा लागतो. म्हणून चक स्ट्रोकच्या निम्म्यानं, इथं ३७.५ मिलिमीटर, सरकवून बसवतात. हे अंतर चुकलं तर त्या सिलिंडरचा स्ट्रोक बदलतो. लांब शाफ्ट चाकाच्या दाबानं मागे लवतो, त्याला मधे टेकू देतात. कूलंटची धार सतत हवी. ती चुकली तर जर्नलचा पृष्ठभाग जळतो, आणि अशा जळक्या जागी सूक्ष्म तडे पडतात.

पण सगळ्यात आधी चाकाच्या दोन्ही कडा हिऱ्याच्या टोकानं गोल करायच्या. जर्नल आणि त्याच्या शेजारची भिंत, म्हणजे वेब, जिथं भेटतात तिथली ही गोलाई म्हणजे फिलेट, कारागिरांच्या तोंडी ‘रेडियस’. चौकोनी कडेच्या चाकानं घासलं तर काम लवकर होतं आणि माप अगदी बरोबर येतं. मायक्रोमीटरला त्यात काही खोट सापडत नाही. पण कोपरा धारदार राहतो, तिथं ताण शेजारच्या भागाच्या दुप्पट-तिप्पट चढतो, आणि रँकिननं १८४० च्या दशकात आसांमध्ये पाहिलेला तडा क्रँकमध्ये उगवतो. सहा टक्के ताकद व्यास घटल्यानं जाते; त्याच्या कितीतरी पट एका चुकलेल्या कोपऱ्यानं. रेडियस जास्त मोठा ठेवला तर शेलची कड त्यावर चढते आणि बेअरिंग चिमटतं. म्हणून जुन्या क्रँकवरचा मूळ रेडियस गेजनं मोजून तोच परत आणायचा असतो.

ग्राइंडरवाल्यानं तिसऱ्या पिनपासून सुरुवात केली. कारण उघड होतं: ती तीसला साफ झाली नाही तर बाकीच्या तीन तीसला नेण्यात अर्थ नव्हता. चाक अर्ध्या थाऊनं पुढे सरकत होतं. वरवरच्या रेघा पुसल्या, पंचविसाला निळी छटा गेली, अठ्ठाविसाला एक खोल चरा उरला, तोही गेला. शेवटचा अर्धा थाऊ घेताना त्यानं चाक पुढे सारायचं थांबवलं आणि ठिणग्या आपोआप विझेपर्यंत क्रँक नुसता फिरवत ठेवला. लवलेला शाफ्ट सरळ होऊन पिन खरी गोल व्हायला हा वेळ द्यावाच लागतो.

मग तेलाच्या भोकांच्या तोंडाची धार मोडली, नाहीतर ती नव्या शेलवर सुरीसारखी चालली असती. बारीक पट्ट्यानं जर्नलना शेवटचा हात दिला. आणि पुन्हा एकदा सगळ्या तेलवाटा धुतल्या, कारण घासताना उडालेली दगडाची पूड आत राहिली तर नवं बेअरिंग पहिल्या प्रवासातच जातं.

भराव घालून?

चाळीसच्या पलीकडे गेलेल्या क्रँकवर धातू परत चढवता येतो का? येतो, पण प्रत्येक वाटेची किंमत आहे. वितळलेल्या धातूचा फवारा मारून थर देता येतो. स्वित्झर्लंडच्या मॅक्स शूपनं गेल्या शतकाच्या सुरुवातीला ही विद्या उभी केली. पण हा थर मुख्यतः खरखरीत पृष्ठभागाला धरून बसतो, आणि पिनवरच्या सततच्या आघातानं सुटण्याची भीती असते. वेल्डिंगनं भरलेला थर एकजीव होतो, पण त्या उष्णतेनं क्रँक वाकतो, आतले ताण वाढतात. ते उतरवायला पुन्हा भट्टी, पुन्हा सरळ करणं, पुन्हा घासणं. हार्ड क्रोम चढवला तर जर्नल काचेसारखं कठीण होतं, पण मुलामा देताना पोलादात शिरलेला हायड्रोजन त्याला ठिसूळ करतो. तो घालवायला क्रँक लगोलग भट्टीत कित्येक तास भाजावा लागतो. रेडियसवर क्रोम चढू द्यायचा नाही, हा आणखी एक नियम.

ज्या गाडीचा दुसरा क्रँक जगात मिळणं अशक्य, तिथं या वाटा योग्य आहेत. पद्मिनीसारख्या गाडीत, जिचे जुने क्रँक अजून अधूनमधून सापडतात, तिथं भराव हा शेवटचा उपाय ठेवलेला बरा. कठीण थराचाही विचार हवा. नायट्रायडिंग केलेल्या क्रँकचा कठीण थर अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ असतो. तीसला घासलं की तो बहुतेक संपतो आणि प्रक्रिया पुन्हा करावी लागते. इंडक्शननं कठीण केलेल्या क्रँकमध्ये थर काही मिलिमीटर खोल असतो, तो टिकतो. घासल्यानंतर कठीणपणा तपासूनच पुढे जायचं.

जुळणी

परत आलेला क्रँक ब्लॉकमध्ये बसवण्याआधी प्रत्येक पिनवर प्लास्टिगेजचा बारीक धागा ठेवला गेला. शेल घालून, कॅप आवळून, क्रँक न फिरवता पुन्हा उघडलं. चेपलेल्या धाग्याची रुंदी पट्टीवर ताडून पाहिली. फट दोन थाऊच्या आत-बाहेर. तिसऱ्या रॉडचा मोठा डोळा आधीच मोजून घेतला होता, कारण शेल फिरलेल्या रॉडचा डोळा ओरबाडला किंवा लंबगोल झाला असण्याची शक्यता मोठी. तो तसा राहिला तर उत्तम घासलेल्या पिनवरचा नवा शेलही पुन्हा फिरतो. सगळ्या कॅप आवळल्यावर मेस्त्रींनी क्रँक दोन बोटांनी फिरवून पाहिला. एका जागी जरा जरी अडला असता तर सगळं परत उघडलं असतं.

पहिल्यांदा सुरू करण्याआधी प्लग काढून, स्टार्टर मारत तेलाचा दिवा विझेपर्यंत इंजिन नुसतं फिरवलं. कोरड्या बेअरिंगवर पहिला स्फोट होऊ द्यायचा नाही. मग सुरू. तेल गरम झालं, आवाज एकसारखा राहिला.

लिहून ठेवण्याची गोष्ट

पुण्याच्या मुंढव्यात भारत फोर्जसारखा कारखाना १९६० च्या दशकापासून क्रँकशाफ्ट घडवतो आहे. जगभरच्या इंजिनांत ते बसतात. महाराष्ट्राला क्रँक घडवता येतो, हे वेगळं सांगायला नको. क्रँक टिकवण्याची विद्या मात्र वेगळी आहे आणि तिला कारखाना नाही. ती उद्यमनगरासारख्या ठिकाणी, चार-दोन माणसांच्या हातात आहे. काही नव्या इंजिनांचे उत्पादक तर क्रँक घासायची परवानगीच देत नाहीत, अंडरसाइज शेलही काढत नाहीत. खराब झाला की बदला. त्या इंजिनांवर शिकलेल्या मुलाला रेडियस ड्रेस करायची वेळ कधी येणार नाही. आयटीआयच्या अभ्यासक्रमात मायक्रोमीटर शिकवतात, पण चाक पुढे सारणं कधी थांबवायचं हे मशीनशेजारी उभं राहूनच कळतं. जुन्या गाड्यांचे क्लब रॅली काढतात, त्यांनी एखाद्या चांगल्या ग्राइंडरकडे दोन मुलं शिकायला ठेवण्याचा खर्च उचलला तर त्यातून जास्त गाड्या वाचतील.

मालकानं करायचं काम त्याहून सोपं आहे. मेस्त्रींनी या क्रँकच्या वेबच्या कडेवर नवी मापं ठोकून घेतली, ताण येणाऱ्या जागेपासून दूर. तीच मापं, तारीख, शेलचा प्रकार आणि तिसऱ्या पिनची हकिकत एका कागदावर लिहून मालकाला दिली, आरसी बुकासोबत ठेवायला. पंधरा-वीस वर्षांनी हे इंजिन जो उघडेल त्याला पिनांवर एकच संधी उरली आहे हे आधी कळेल, आणि ती तो विचार करून वापरेल. या क्रँकवर पहिल्या दुरुस्तीत कुणीतरी अनोळखी कारागिरानं पिना वीसवर आणि मेन दहावरच थांबवले होते, म्हणून आज तीसची वाट मोकळी होती.

क्लासिक गाडीचं इंजिन बांधायला देणाऱ्या प्रत्येकानं तीन गोष्टी विचाराव्यात: किती काढणार, का काढणार, आणि काढल्यावर किती उरणार. तिन्हींची उत्तरं लेखी मिळाली तर क्रँक योग्य हातांत आहे. मिळाली नाहीत तर तो चाकाखाली जायच्या आधी परत घ्यावा.